बाबासाहेबांनी मागितलेला हिशेब

मार्च महिना उजाडला की मुंबईत राज्याचा अर्थसंकल्प सादर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या इर्विन चौकात, अकोल्याच्या अशोक वाटिकेसमोर चहाच्या टपऱ्यांवर पेपर उघडले जातात आणि दरवर्षीचीच चर्चा सुरू होते. तेल महागले, खताची गोणी परवडत नाही, घरकुलाचा हप्ता अडला, पोराची शिष्यवृत्ती परीक्षा होऊन गेली तरी खात्यात पडली नाही. लोक चिडलेले असतात आणि ती चीड खोटी नाही. पण बोलता बोलता सारे एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात, की या बजेटात आपल्याला काय मिळाले?

आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. हा याचकाचा प्रश्न आहे. इर्विन चौकात आणि अशोक वाटिकेत ज्या महामानवाचा पुतळा उभा आहे, त्याने हा प्रश्न आयुष्यात कधी विचारला नाही. पैसा कोणाकडून घेतला, कोणावर खर्च केला आणि त्याचा जाब कोण देणार, असे त्याने विचारले. बाबासाहेबांच्या हातातले संविधान आम्हाला पाठ आहे. परंतु संविधानाच्या पाव शतक आधी याच हाताने सरकारी तिजोरीवर ग्रंथ लिहिला होता, हे आमच्यातील किती जणांना ठाऊक आहे? म्हणून आज आम्ही बाबासाहेबांचे चरित्र एका वेगळ्या बाजूने सांगणार आहोत. ही हिशेबाची बाजू आहे.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात सरकारी रोखपाल होते. दुष्काळात माणसे मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला घेतला होता. त्या कामाची मजुरी रामजींच्या हातून वाटली जात असे. १९०१ च्या सुमारास नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर कोणी न्यायला आले नव्हते. जात कळताच गाडीवान मिळेना, मिळाला तो दुप्पट भाड्यावर. रात्री ही पोरे एका टोलनाक्यावर पोहोचली. घसा कोरडा पडलेला, शिदोरी सोबत, पण पाणी नाही. नाकेदाराने पाणी दिले नाही आणि सोबत अन्न असूनही लेकरे उपाशी झोपली.

या प्रसंगाचे वर्णन आम्ही अनेकदा अस्पृश्यतेची कहाणी म्हणून वाचले आहे. पण ती जागा कोणती होती ते पाहा! ती सरकारी कर वसूल करण्याची जागा होती. रस्ता सरकारचा, नाका सरकारचा. त्या नाक्यावर कोणाचाही पैसा विटाळत नव्हता, विटाळत होते ते फक्त पाणी. बाप सरकारी पैशाचा चोख हिशेब ठेवत होता आणि लेकरू सरकारी नाक्यावर तहानलेले होते. पुढचे सारे आयुष्य बाबासाहेब जणू याच नाक्याचा हिशेब मागत राहिले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढचे शिक्षण बडोदा संस्थानच्या तिजोरीतून झाले. कॉलेजसाठी महिना २५ रुपये आणि १९१३ मध्ये अमेरिकेला जाताना महिना साडेअकरा पौंड. राज्याच्या तिजोरीतला थोडासा पैसा योग्य ठिकाणी पडला तर एका माणसाचे आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या कोट्यवधींचे आयुष्य कसे पालटते, याचे बाबासाहेब स्वतःच जिवंत उदाहरण होते. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, हेही विसरू नये. शिष्यवृत्ती थांबली की काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अनेक विषय घेतले, पण संशोधनाला निवडली ती तिजोरी. १९१५ च्या एम.ए. प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था. कंपनीने जमीनमहसूल आणि मीठ यांतून रयतेला कसे पिळले, लढायांचा खर्च रयतेच्याच डोक्यावर कर्ज म्हणून कसा चढवला आणि लोकोपयोगी कामांवर किती तुटपुंजी रक्कम टाकली, याचा ताळेबंद तरुण भीमरावाने मांडला.

वऱ्हाडातल्या वाचकाला हा ताळेबंद समजावून सांगायची गरज नाही. १८५३ साली निजामाकडे कंपनीच्या फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली आणि त्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. १९०२ मध्ये तेच वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने मिळाले. म्हणजे अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत पऱ्हाटी पिकवणाऱ्या कुणब्याने सारा भरायचा, वेचणीला जाणाऱ्या महार-मांगाच्या बाईने मिठावरचा कर भरायचा आणि त्या पैशातून दूरच्या राजाची फौज आणि राजाचे भाडे भागायचे. कर भरणाऱ्याला विचारले कोणी? जमिनीबरोबर माणसेही गहाण पडली होती.

१९२५ साली लंडनहून बाबासाहेबांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि कोलंबियाची डॉक्टरेट याच ग्रंथावर मिळाली. १८३३ ते १९२१ या काळात मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, हा त्याचा विषय. विषय रुक्ष वाटेल, पण त्याच्या मुळाशी असलेला मुद्दा शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे. गोळा एकाने करायचे आणि उधळायचे दुसऱ्याने, अशी व्यवस्था असली की काटकसर कोणीच करीत नाही आणि जबाबही कोणी देत नाही. आणि राज्यकर्ता लोकांना जबाबदार नसला की कराचा बोजा गरिबावर पडतो, कारण गरिबाची ओरड सरकारी बंगल्यापर्यंत पोहोचत नाही. या ग्रंथाआधी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आला होता. चलनातला फेरफार म्हणजे गरिबाच्या मजुरीवरचा छुपा कर, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आता १९२७ सालाकडे या. बाबासाहेबांची मुंबई विधिमंडळावर नियुक्ती झाली होती. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी ते अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. जमीनमहसुलाचा अन्याय त्यांनी सभागृहासमोर उघडा केला. शहरातल्या व्यापाऱ्याचे आणि वकिलाचे उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असेल तर त्याला आयकर माफ. पण शेतकऱ्याची जमीन एक एकर असो की शंभर एकर, पीक आलेले असो की बुडालेले, सारा भरलाच पाहिजे. कर ऐपतीवर बसावा, हा न्याय श्रीमंताला लागू आणि गरिबाला नाही, ही कोणती नीती? आणि दारूच्या उत्पन्नावर तिजोरी भरायची, हे तरी कोणते राज्य?

१२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडेच समोर ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करापोटी त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक काढून घेते. शाळेत आलेल्या १०० मुलांतील जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत पडतात. त्यांची मागणी इतकीच होती, की लोकांच्या व्यसनातून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या लेकरांच्या शिक्षणात परत करा.

आणि २० मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. अर्थसंकल्पावरच्या त्या भाषणापासून चोवीस दिवसांत! चरित्रकार या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत घालतात. आम्हाला त्या एकच वाटतात. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आधार होता तो सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर करून घेतलेल्या ठरावाचा. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. १९२६ मध्ये बोले यांनी पुढची मागणी केली, की जी नगरपालिका व लोकल बोर्डे हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करा. म्हणजे महाडच्या पाण्याचा झगडा हा सार्वजनिक पैशाचाही झगडा होता. तळे कोणाच्या पैशाने राखले जाते? साऱ्यांच्या. मग पाणी साऱ्यांचे. टोलनाक्यावर तहानलेला पोरगा आता ओंजळीत हक्काचे पाणी घेऊन उभा होता.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला बाबासाहेब आमच्या अमरावतीत आले. इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतातील अस्पृश्यांची परिषद भरली होती आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर होता. थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता त्यांना या परिषदेतच मिळाली. दुःख गिळून त्यांनी अध्यक्षपद सांभाळले. पंजाबराव देशमुखांसारखा तरुण बॅरिस्टरही या प्रश्नात अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहिला. पैसा आणि श्रम सर्वांचे चालतात, माणूस मात्र दाराबाहेर, हा नाक्यावरचा व्यवहारच अंबादेवीच्या दारात चालू होता.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी महार वतनाचे विधेयक मांडले. वतनी महाराने सरकारचे आणि गावाचे काम रात्रंदिवस करायचे, मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि चार घरची भाकर. फुकटची चाकरी म्हणजे कोणत्याही अर्थसंकल्पात न लिहिलेला कर! हा कर जातीवर बसवलेला होता आणि तो घामात वसूल होत होता. पुढे सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढवली तेव्हा १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला परिषद भरवून बाबासाहेबांनी तिचाही निषेध केला. स्वतंत्र मजूर पक्ष काढल्यावर १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्यात कुणबी होते आणि महारही होते. करवसुलीच्या मध्ये बसलेला दलाल दोघांनाही लुटतो, हे त्यांनी दोघांनाही पटवून दिले होते.

१९४२ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. तीनच महिन्यांत त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयपुढे ठेवले. त्यात विनवणी नव्हती, तुलना होती. बनारस आणि अलीगढ या विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाला का नाही? त्यातून १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आमची मुले जिला आजही भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतात, तिचे मूळ तेथे आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर, पहिला मास्तर, पहिला इंजिनिअर त्या पैशातून घडला. ती मेहेरबानी नव्हती, कागदावर हिशेब मांडून मिळवलेली वसुली होती.

मग संविधान आले. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर नाही, विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून एक पैसा निघणार नाही, केंद्र आणि राज्यांच्या वाटणीसाठी वित्त आयोग आणि साऱ्या खर्चावर नजर ठेवायला महालेखापरीक्षक. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या त्या ग्रंथातली चिंता येथे कलमांमध्ये उतरलेली दिसते. महालेखापरीक्षकाचे काम न्यायाधीशांच्या कामापेक्षाही महत्त्वाचे आहे, असे मत त्यांनी १९४९ मध्ये संविधान सभेत मांडले होते. पैसा नियमाने खर्च झाला एवढे पुरेसे नाही, तो इमानाने, शहाणपणाने आणि काटकसरीने खर्च झाला पाहिजे, ही त्यांची फार जुनी धारणा होती.

१९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी दिलेल्या कारणांत हिंदू कोड बिल होते, अनुसूचित जातींची उपेक्षा होती आणि तिजोरीही होती. ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जात असतील तर उपाशी माणसासाठी उरते काय, हा त्यांचा सवाल होता. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनी वऱ्हाड-नागपूरचे वेगळे राज्य सुचवले. तेव्हाही भावनेच्या जोडीने ते राज्य आपल्या पायावर उभे राहू शकेल का, हे त्यांनी तपासले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. वऱ्हाडातून लोक मिळेल त्या वाहनाने आणि पायी गेले. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाला आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. सरकारकडे हिशेब मागणाऱ्या या माणसाने शेवटी आपल्या समाजालाही ऐपतीप्रमाणे द्यायला शिकवले. ६ डिसेंबरला ते गेले.

आता आपल्या दिवसांकडे पाहू. २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला. साबणाच्या वडीवर अकोल्याची मोलकरीण जो दर भरते, तोच दर कापसाच्या जिनिंगचा मालक भरतो. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर राहिला नाही. मध्यमवर्गाला सूट मिळाली, मिळू द्या. पण ज्या मजुराचे वर्षाचे उत्पन्न लाखाच्या आसपास आहे, त्याला साबणावरच्या करात कोणती सूट? १९२७ चा प्रश्न नाव बदलून तेथेच बसला आहे.

खर्चाची बाजू पाहा. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज आले. अमरावती आणि अकोला त्यात होते. २००८ साली कर्जमाफी झाली. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि बँकेचे कर्जही नाही, त्या भूमिहीनाला माफ करायला काय होते? त्याचे कर्ज सावकाराच्या वहीत होते. अकोला जिल्ह्यात पाचांतला एक माणूस अनुसूचित जातीचा आहे आणि त्यातला मोठा वर्ग दुसऱ्याच्या शेतात राबतो.

या वर्गासाठी १९७९-८० पासून विशेष घटक योजना आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला ठेवायचा आणि तो दुसरीकडे वळवायचा नाही, हे तिचे सूत्र. प्रत्यक्षात काय घडले? २०२५ च्या मे महिन्यात लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी वळवले गेले. खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आम्ही लाडकी बहीणच्या विरोधात नाही. आमच्या आयाबहिणींच्या हातात महिना १,५०० रुपये पडले, त्यांनी मिठामिरचीला, औषधाला ते वापरले. पण लेकाच्या शिष्यवृत्तीच्या पिशवीतून काढून आईच्या पदरात टाकायचे आणि दोघांकडूनही उपकाराची पावती घ्यायची, याला कल्याण म्हणत नाहीत! आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच हा निधी राखण्यासाठी कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात चळवळीला त्यासाठी मागणीच करीत राहावे लागले.

मात्र केवळ सरकारला शिव्या घालून आम्ही मोकळे होणार नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायची असते. दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, बाळापूर या तालुक्यांतल्या किती वस्त्यांनी ग्रामसभेत उभे राहून या १५ टक्क्यांचा कागद मागितला? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज लिहायला आमच्यात पदवीधर कमी आहेत काय? आणि जयंतीच्या वर्गणीचा, विहाराच्या बांधकामाचा हिशेब आम्ही तरी फळ्यावर लिहितो काय? विसावा हिस्सा मागणाऱ्याच्या अनुयायांनी एवढे तरी पाळावे.

यंदाची जयंती वाजतगाजत होईलच. तिच्या आधी प्रत्येक विहारात एक संध्याकाळ बजेटच्या वाचनासाठी ठेवा, एवढीच आमची विनंती आहे. शिकलेल्या पोरापोरींनी सामाजिक न्याय विभागाचे आकडे मोठ्याने वाचावेत. किती ठेवले, किती खर्च झाले, किती वळवले, हे म्हाताऱ्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगावे. मग सारे मिळून ग्रामसभेत, तहसीलवर, समाजकल्याणच्या कार्यालयात जावे आणि काय मिळाले हे न विचारता आमचे कुठे गेले हे विचारावे.

कारण साबणाच्या वडीपासून बसच्या तिकिटापर्यंत दररोज आम्ही कर भरतो. नाक्यावर पैसे आमचेही घेतले जातात, तेव्हा नाक्यावरच्या पाण्यावरही आमचा हक्क आहे.

जयभीम!